खिंडसीच्या काठावरची बाई

त्या वर्षी माझी देवावरची श्रद्धा उडाली होती. यांचं हृदय कमजोर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून मी उपास धरले, रामटेकचा गड अनवाणी चढले. दुखणं वाढतच गेलं. मग मी मागणंच सोडलं.

यांना एकच नाद होता. लकडगंजला लाकूड कापायच्या आरा मशीनवर कामाला होते. तिथून आणलेल्या सागाच्या फळ्यांची त्यांनी शिडाची लहानशी नाव बनवली होती. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर एका ओळखीच्या माणसाकडे ती असायची. सुट्टीच्या दिवशी ती पाण्यात घालायची, बस. डॉक्टरांनी मनाई केली, तरी दिवाळीनंतरच्या एका रविवारी निघालेच. एकटं कसं सोडू, म्हणून मीही बसले. मला ना पोहता येत होतं, ना नाव चालवता.

तलावाच्या मध्यावर वारा वाढला. शिडाचा दोर जरा धर म्हणून त्यांनी माझ्या हातात दिला आणि छाती दाबत तळाच्या फळ्यांवर कोसळले. नाव एका अंगावर कलली, पाणी आत आलं. मी जिवाच्या आकांतानं दोर ओढून धरला. जितका ओढावा, तितकी नाव अधिकच कलत होती.

"सोड वं तो दोर," ते खालून म्हणाले.

मला वाटलं, सोडला तर सगळंच गेलं. तळहात सोलवटले, बोटांत ताकद उरली नाही. समोर गडावरचं रामाचं देऊळ दिसत होतं. म्हटलं, आता तूच बघ. भक्तीनं नाही, थकून म्हटलं, आणि दोर सोडला.

शीड सैल पडून फडफडलं, तशी नाव सरळ झाली. वारा तिला हळूहळू काठाकडे नेऊ लागला. तिथे शिंगाड्याच्या वेलांत मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतली एक बाई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं पुढे येऊन नावेची कड पकडली.

"नाव मी धरली. तू मानसाले धर."

दोघींनी त्यांना काठावर घेतलं. तिनं आपल्या गडव्यातलं पाणी पाजलं, धानाच्या बांधीत काम करणाऱ्या माणसाला हाक मारून बैलबंडी आणायला पाठवलं. बंडी येण्याआधीच ते गेले. त्याआधी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू भिऊ नको वं. मी नाही भिऊन राहिलो."

तेरवी झाल्यावर मी त्या बाईला भेटायला गेले. बोलता बोलता कळलं, तिचे शिंगाडे हे गेले त्या दिवसाच्या आधीच काढून विकले गेले होते. आमची नाव आली त्या दिवशी पाण्यात तिचं काही काम नव्हतं. "काहून गेली होती, मलेच नाही समजत," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवला.

मी याचा अर्थ लावत बसत नाही. यांचा जीव मागितला होता, तो मिळाला नाही. ते दुःख आजही तेवढंच आहे. पण भर पाण्यात तडफडत गेले असते, ते कोरड्या जमिनीवर, माझ्या मांडीवर शांतपणे गेले, आणि त्या घटकेला मी एकटी नव्हते. एवढं कुणीतरी दिलं. आता गडावर जाते तेव्हा रामाला काही सांगत नाही. रडू आलं, तर त्याच्यासमोर बसून रडते, आणि मन हलकं झालं की उतरते.