खडवलीला सांगा

माझ्या वहिनी मलेशियाच्या. भाऊ तरुणपणी तिकडे कारखान्यात मशिनं बसवायच्या कामाला गेला आणि इपोह नावाच्या गावात शाळेत शिकवणाऱ्या एका तमिळ मुलीशी लग्न करून तिथेच राहिला. निवृत्त झाल्यावर दोघं डोंबिवलीला आली. आमच्याच मजल्यावर समोरचा फ्लॅट घेतला. भिंतींना रंग लावून झाला आणि भाऊ गेला. मुलगी क्वालालंपूरहून रोज बोलवत होती, तरी वहिनी परत गेल्या नाहीत. "माझा माणूस इथे जाळला," एवढंच म्हणाल्या, "मग मी तिकडे काय करू?"

सकाळचा चहा त्या आमच्याकडे घ्यायच्या. हातात मोबाइल, त्यावर त्यांच्या देशाच्या बातम्या. समोर टीव्हीवर आमच्या. दोन्हींवर एकाच दमात मत द्यायच्या. "आमच्याकडे" म्हणजे कुठे, हे वाक्य संपेपर्यंत कळायचं नाही. आमच्याकडे मंत्री एका पुलाचं दोनदा उद्घाटन करतात. आमच्याकडे शेजारच्या देशातलं जंगल पेटतं आणि धूर आमची मुलं खातात. एकदा शीळफाट्याला आम्ही रिक्षात तासभर अडकलेलो. दोन्ही बाजूंना नवे टॉवर. वहिनी वर बघून म्हणाल्या, "भाऊजी, एवढी घरं बांधली, माणूस सगळा रस्त्यावरच आहे." त्यांच्या मराठीत पुल्लिंग-स्त्रीलिंग कधी जुळलं नाही, पण मत मात्र चुकायचं नाही. तिकडे जन्मदाखल्यावर माणसाचा वंश लिहितात, आणि इकडे लोक नुसतं आडनाव विचारतात, तेही गोड हसून, हे त्यांनी आल्या महिन्यातच हेरलं होतं.

माझी बायको शाळेत नोकरीला आहे. ती निघून गेली की चहाचा दुसरा कप आणि बातम्यांवरचं भांडण आम्हा दोघांचं. मला ते आवडायचं. भाऊ असताना तो त्यांच्याशी असाच भांडायचा. त्याच्या वाटचं भांडण माझ्याकडे आलं, असं मी समजायचो.

तो फोन आला तेव्हा आम्ही असेच बसलेलो. नंबर अनोळखी होता. पलीकडचा मुलगा घाईघाईच्या हिंदीत सांगत होता की मॅडम, तुमचं परदेशी जाणारं पार्सल विमानतळावर अडलंय, त्यात बंदी असलेला माल सापडलाय. वहिनींनी खरोखरच लेकीला लोणचं आणि मेतकूट पाठवलेलं, त्यामुळे त्या दचकल्या. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मी हातानेच खूण केली, कट करा. असे फोन आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी येऊन गेलेले. तळमजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांना तर पोलीस बोलतोय म्हणून दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलेलं.

वहिनी कट करणार एवढ्यात त्या मुलाला ठसका लागला. जोराचा, न थांबणारा. मागे खूप आवाज येत होते, पाढे म्हणणाऱ्या वर्गातून यावेत तसे. ठसक्यातून बाहेर येताना तो अगदी हळू "आई गं" म्हणाला.

वहिनींचा हात थांबला. तिकडे, त्यांच्या देशात, भेटल्यावर "कसं काय" विचारत नाहीत म्हणे. जेवण झालं का, असं विचारतात. त्यांनी तेच विचारलं.

"जेवलास का?"

पलीकडे फक्त मागचे पाढे. मग तो मराठीत बोलला, ओठ न हलवता बोलल्यासारखा.

"जेवतो. भात देतात. काकी, खडवलीला नदीकडच्या रस्त्यावर रसवंती आहे, माझ्या बापाची. त्याला सांगा, मी हॉटेलात नाहीय."

आणि लगेच मोठ्याने, हिंदीत, "मॅडम, अपना आधार नंबर बोलिए." मग फोन बंद झाला.

मी म्हणालो की ही नवी युक्ती असणार, गुंतवायची. संध्याकाळी बायकोही तेच म्हणाली. वहिनींनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्यांच्या पेपरांत महिन्यातून एकदा तरी मांडीवर मुलाचा फोटो घेऊन बसलेल्या एखाद्या आईचा फोटो येतो. हॉटेलातली नोकरी म्हणून पोरांना थायलंडला नेतात, तिथून सीमेपलीकडे, आणि पासपोर्ट काढून घेऊन असे फोन करायला बसवतात. त्यांच्याच शाळेतल्या एका बाईंचा भाचा गेला होता. परत आला तेव्हा त्याला दार लावून झोपता येत नव्हतं. "तुम्ही लोक फोन कट करता," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. पण त्या बाजूला कोण बसला आहे, ते कुणी विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही खडवलीला गेलो. मला वाटत होतं की तिथे रसवंतीच नसेल, आणि मग वहिनींची समजूत पटेल. पण नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिरवं कापड लावलेली रसवंती होती. मशीनच्या चाकाला घुंगरू. रस काढणारा माणूस माझ्याच वयाचा. मागे त्याची बायको लिंबं कापत होती. आम्ही दोन ग्लास घेतले, बाकड्यावर बसलो, आणि मुलगा बाहेरदेशी असतो का, असं मी विचारलं. तो खुलला. हॉटेलात आहे म्हणाला. दर रविवारी फोन येतो. मोबाइल पुसून फोटो दाखवला. पांढरा शर्ट, काळा बो, मागे काचेचं दार.

मी वहिनींकडे बघितलं.  त्यांनीच सांगितलं, त्यांच्या मोडक्या मराठीत, एकही शब्द न वाढवता.

बापाचा चेहरा ताठरत गेला. त्याने विचारलं, नाव सांगितलं का त्याने? नाही सांगितलं. मग माझा मुलगा कशावरून, म्हणाला. कुणीही माझ्या दुकानाचं नाव घेईल. त्याने मशीन सुरू केलं, ऊस नसताना. घुंगरू वाजत राहिले. आम्ही उठलो.

आई मागून आली. हातात सुरी तशीच. "खोकला होता का त्याला?" तिने वहिनींना विचारलं.

"होता."

"सुका?"

"सुका. थांबत नाही असा."

तिने मान हलवली. त्याला लहानपणापासून घाबरला की ठसका लागतो, असं तिने सांगितलं, आणि तिथेच रस्त्यावर उकिडवी बसली.

तक्रार करायला बाप तयार नव्हता. मुलगा चोर ठरेल ही त्याची भीती. शेवटी आईच माझ्याबरोबर पोलिसांकडे आली. तिथला अधिकारी भला होता. अशा तक्रारी आता येतात, म्हणाला, वर कळवतो, पण परदेशातलं प्रकरण आहे, वेळ लागेल. वहिनींनी इपोहच्या त्या बाईंना कळवलं, तिकडे अशा मुलांसाठी धडपडणारे लोक होते त्यांनाही. आणि मुलाच्या आईला एक गोष्ट बजावली. रविवारी फोन आला तर काही विचारू नका, ऐकणारे ऐकत असतात. फक्त म्हणा, मलेशियाच्या काकी येऊन रस पिऊन गेल्या.

आईने तसंच म्हटलं. तो "बरं" म्हणाला, आणि हॉटेलात गर्दी आहे म्हणून फोन ठेवला. त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अख्खा पावसाळा नाही.

त्या महिन्यांत वहिनी बदलल्या. टीव्ही चालू असायचा, त्या बघायच्या, मत द्यायच्या नाहीत. मुद्दाम खोडी काढावी म्हणून मी काहीतरी उलटं बोलायचो. "असेल," म्हणायच्या. पण अनोळखी नंबरचा एकही फोन त्यांनी सोडला नाही. कर्जवाले, विमावाले, पार्सलवाले, सगळे. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायच्या, आणि मग तोच प्रश्न विचारायच्या. काही जण शिवी देऊन ठेवायचे. एक मुलगी नुसतीच श्वास घेत राहिली आणि मग फोन तुटला. एक जण हसून म्हणाला, "हो आजी, जेवलो, आता ओटीपी सांगा." लेक तिकडून चिडायची, आई, तुला लुबाडतील. बायको मला म्हणायची, त्यांचा फोन काढून घे. मी काढून घेतला नाही. खरं सांगायचं तर मीही ऐकत बसायला लागलो होतो. शब्द नाही, मागचा आवाज. त्या वर्गाचा आवाज कुठे येतो का, ते. पुढे पुढे मला तो बिल्डिंगच्या पंपाच्या घरघरीतही ऐकू यायला लागला. कल्याणच्या एका क्लासच्या खालून जाताना वर मुलं एका सुरात काही म्हणत होती, तर माझे पाय थांबले.

दिवाळीनंतर तो आला. तिकडच्या कुठल्या तरी लष्कराने तो अड्डा मोडला, बऱ्याच जणांना विमानाने आणलं, त्यात तो होता. दिल्लीला चौकशी झाली, मग इथे झाली. बाप त्याला घेऊन आमच्याकडे आला तो मिठाईचा पुडा घेऊनच. येताच वहिनींच्या पाया पडला. त्या मागे सरकल्या.

मुलगा भिंतीला पाठ लावून बसला. फोटोतल्यापेक्षा निम्मा दिसत होता. एका हाताची बोटं नीट वळत नव्हती. बापाने त्याला म्हटलं, ह्याच त्या काकी, ज्यांना तू सांगितलंस. मुलगा वहिनींकडे बघत राहिला.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

बाप ओशाळला. पण मुलाला अपमान करायचा नव्हता. त्याने सावकाश सांगितलं. मराठी आवाज लागला आणि देखरेखवाला लांब असला, की तो सांगायचा. खडवली, रसवंती, हॉटेलात नाही. तिथे गेल्यापासून तेच करत होता. काही लोक हसले. काहींनी आईवरून शिव्या दिल्या. एका माणसाने रस्ता, खूण, सगळं नीट विचारून घेतलं. त्या दिवशी त्याला झोप लागली नाही, हा नक्की जाणार म्हणून.

"खूप जणांना सांगितलं," तो म्हणाला. "गेल्या तुम्ही एकट्याच."

 मी मिठाईच्या पुड्याची दोरी सोडत राहिलो. तो दुसरा माणूस मला दिसत होता. रस्ता, खूण, सगळं विचारून घेणारा, आणि मग फोन ठेवून आपल्या कामाला लागणारा. तो मला माझ्यासारखाच दिसत होता.

जायला उठल्यावर मुलगा दारात थांबला. ठाण्यात एखाद्या बाईचा पत्ता शोधता येईल का, असं त्याने मला विचारलं. नाव माहीत आहे का, मी म्हणालो. नाव माहीत नव्हतं. ठाण्याच्या एक आजी होत्या. घाबरलेल्या. त्या त्याला बाळ म्हणायच्या. बाळा, तू साहेबांना सांग ना, मी काही केलं नाही. देखरेखवाला मागेच उभा होता, म्हणून त्यांना खडवलीचं सांगता आलं नाही. त्यांच्याकडून सगळं काढून घेईपर्यंत फोन त्याच्याच हातात होता.

"बाकी कुणाचा आवाज आठवत नाही," तो म्हणाला. "त्यांचा जात नाही."

वहिनी त्याच्या जवळ गेल्या. वाटलं, त्या त्याला म्हणतील की तुझा काय दोष. बापालाही तेच वाटलं असावं. त्याने आशेने बघितलं.

"तू चोरी केली," वहिनी म्हणाल्या. "आणि तुला पण चोरला होता. दोन्ही खरं आहे. एक पुसायला दुसरा वापरू नको."

मुलाने मान हलवली. मला त्यांचं बोलणं कठोर वाटलं. पण तो जिना उतरला तेव्हा आला होता त्यापेक्षा जरा सरळ चालत होता, हेही मी बघितलं.

त्या आजी सापडल्या नाहीत. अधिकाऱ्यांनाही त्याने सांगितलं होतं, पण आवाजावरून कोण कोणाला शोधणार? माझं कधी ठाण्याला जाणं होतं. तलावपाळीवर बाकांवर म्हाताऱ्या बसलेल्या असतात, कुणी हातात फोन धरून. मी त्यांच्यासमोरून हळू चालतो. एखादी कुणाला "बाळा" म्हणाली तर थांबतो. ती नातवाला म्हणत असते.

वहिनी पुन्हा बातम्यांवर बोलायला लागल्या आहेत, पण पूर्वीसारखं एका दमात नाही. एखादी बातमी बघून म्हणतात, "हे अर्धंच सांगितलं." आणि उरलेलं अर्धं काय असेल यावर विचार करत बसतात. तिकडच्या निवडणुकीवर परवा त्या माझ्याशी जरा भांडल्या. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेली.

या उन्हाळ्यात आम्ही तिघं खडवलीला गेलेलो. मुलगा आता बापाबरोबर रसवंतीवर असतो. स्वतःकडे फोन ठेवत नाही. आम्हाला बघून तो हसला, आईने बाकडं पुसलं. नदीवर आलेल्या पोरांचा घोळका रस प्यायला उभा होता. मुलगा मशीनमध्ये ऊस सारत होता आणि त्या घोळक्यातल्या कुणाचा तरी फोन वाजला. मुलाचा हात जिथे होता तिथेच राहिला, रोलरच्या तोंडाशी, उसावर घट्ट. ऊस आत ओढला जात होता आणि त्याच्याबरोबर हात. बापाने बघितलंसुद्धा नाही. रोजचं असावं तसा बापाचा हात बाजूच्या बटणाकडे गेला आणि त्याने ते बंद केलं. घुंगरू थांबले. फोनवाला पोरगा बोलत होता, मोठमोठ्याने, कुणाला तरी नदीचा रस्ता सांगत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत बापलेक तसेच उभे राहिले. मग बापाने पुन्हा बटण लावलं.