लंडनच्या कात्रणातला शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. डिसेंबर २००१. रत्नागिरीतल्या आमच्या कलामंडळाची बैठक. विषय पंधरा हजार रुपयांच्या अनुदानाचा. हजर तिघे — अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार म्हणून मी.

अर्ज दीपाचा होता. माझा मित्र वसंता, त्याची मुलगी. लंडनला कला शिकून आलेली. जयगडच्या मासे विकणाऱ्या बायकांची जुनी लुगडी ती एकमेकांना जोडून शिवायची आणि टांगायची, वासासकट. तिकडे तिचं प्रदर्शन झालं होतं. तिथल्या पेपरातलं परीक्षण तिने अर्जाला जोडलं होतं.

अध्यक्षांनी आधीच नाक मुरडलं. ते नगरसेवकही, नगरपालिकेची निवडणूक तोंडावर, आणि टांगायचं काय — तर लुगडी? कात्रण माझ्याकडे सरकवत म्हणाले, "काय ओ खजिनदार, तुमचं इंग्रजी बरं. साहेब काय म्हणतोय बघा. उगाच आपल्याला कळत नाही म्हणायला नको."

समीक्षकाने तिला 'अनअशेम्ड' म्हटलं होतं. म्हणजे जिला लाज वाटत नाही, कारण लाजण्यासारखं काही नाहीच. स्तुती होती ती. मला कळली नव्हती? स्वच्छ कळली होती. पण माझ्या घराच्या वरच्या मजल्याची परवानगी अध्यक्षांनी अडवून ठेवली होती. मी म्हणालो, "निर्लज्ज म्हणतोय."

"बघा. गोऱ्यांनासुद्धा झेपली नाही," अध्यक्ष हसले. अर्ज नामंजूर झाला.

'निर्लज्ज' हा शब्द बाजारभर झाला. वसंता मान खाली घालून चालू लागला. दीपा घरी आली. "काका, तुम्ही तर वाचलं होतंत ना?" बैठकीतलं मी बाहेर बोलत नाही, म्हणालो. ती लंडनला परत गेली — कायमची.

आणि आता तिकडचे समीक्षक तिच्याबद्दल एकच लिहितात — मायदेशाने निर्लज्ज ठरवलेली कलावंत. तिथल्या अनुदान देणाऱ्यांनाही तेच हवं. गावाने हाकललेली बाई त्यांच्या राजकारणात चपखल बसते. लुगड्यांबद्दल ओळ नाही. तिच्या टाक्यांबद्दल नाही. वाचून माझं डोकं फिरतं — अरे, कापड बघा की! पण ही गोष्ट त्यांच्या हातात दिली कुणी? मीच. त्यांचं सगळं कौतुक माझ्या थापेवर उभं आहे, आणि मी कुठल्या तोंडाने त्यांच्यावर चिडतो?

मजला झाला. ते पंधरा हजार अध्यक्षांच्या मेहुण्याला दिले, नाक्यावरच्या भिंतीवर सूर्यास्त रंगवायला. चेकवर सही माझी.