काकीनं साखर खाल्ली नव्हती

आज मला बिनसाखरेचा चहा देण्यात आला.

तोही न विचारता. तोही तेराव्याला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची एवढी विटंबना कुणी करू नये.

तेरावा आप्पाकाकांचा. मुक्काम एडवण. शेवटची दहा वर्षं त्यांना शुगर होती, म्हणून त्या घरात साखरेचं फडताळ कुलपात.

ते कुलूप त्यांच्या सुनेला मीच शोधून दिलं होतं. नवीन नव्हे. घरातलंच, जुनं.

ही पोस्ट त्या कुलपाची. आप्पांची नाही, सुमनकाकीची.

काकी म्हणजे आप्पांची धाकटी भावजय. तिचे यजमान, माझे धाकटे काका, लवकर गेले. नव्वदच्या दशकात तिच्या किडन्याही गेल्या. आठवड्यातून दोनदा मुंबईला डायलिसिस. शुक्रवारी तारापूरला माझी कंपनी बंद, म्हणून त्या दिवशी सोबत मी.

एकदा रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली आली. तिला जन्मात डायबेटीस नव्हता.

आप्पांनी ओटीवर बसूनच निदान केलं. "चोरून खाते."

फडताळाला कुलूप लागलं. डब्यातल्या साखरेवर आप्पा बोटानं रेघ मारून ठेवायचे. भातही बेतानंच वाढायला सांगितला.

मुंबईचे डॉक्टर मला म्हणाले, "किडनी गेली की शरीर इन्सुलिनला जुमानत नाही. न खाताही शुगर वाढते. हृदयाचं तेच. साखर दाराशी येते, पण त्याला ती आत घेऊन वापरता येत नाही. बिचारं तसंच राबतं. त्यांना उपाशी ठेवू नका. अंडी द्या, मासे द्या."

मी घरी येऊन सगळं सांगितलं.

"डाक्टर काय आपल्या घरात ऱ्हातो?" आप्पा म्हणाले. विषय संपला.

आमच्याकडे तेव्हा रीत होती. जेठ, म्हणजे थोरला दीर, भावजयीशी थेट बोलायचा नाही, भावजय जेठासमोर तोंड उघडायची नाही. दोघं चार हातांवर असली तरी मध्ये सांगणारा लागायचा. आमच्या घरात तो मी.

सत्यनारायण होता. ओटी भरलेली. मी शिरा वाटत होतो. काकीनं हात पुढे केला.

आप्पा मला म्हणाले, "सांग तिला, प्रसाद नाय. तिचा रोजचाच चालू हाय."

लोक हसले.

काकीनं हात मागे घेतला नाही. पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आप्पांना सांग, मी साखर नाय खाल्ली. सांग."

आप्पांनी ऐकलं होतं. पण मी सांगेपर्यंत ते ऐकलेलं धरायचं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

कंपनीत मी त्यांच्याच शब्दावर लागलो होतो. अजून पर्मनंट व्हायचं होतं.

मी पातेलं उचललं आणि पुढच्या माणसाला शिरा दिला.

चार महिन्यांनी काकीचं हृदय बंद पडलं. तिरडी अजून अंगणात होती, तेव्हा आप्पा लोकांना सांगत होते, "तोंडावर ताबा नव्हता, काय करणार?"

ते वाक्य मी जपून ठेवलं. लोणच्यासारखं. मुरू दिलं.

पुढे आप्पांना शुगर झाली. मी बोईसरहून दर शुक्रवारी भेटायला जायचो. येताना गावात चार घरी सांगायचो, "आप्पा चोरून खातात." खरं होतं का? मला काय माहीत! मजा यायची. खोटं कशाला बोलू?

एकदा म्हातारा रडकुंडीला आला. "मी नाय खाल्ली रे."

मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात, आप्पा."

आज पंगत बसली तेव्हा मी एकटाच आतल्या खोलीत गेलो. हार घातलेला फोटो. बघणं अगदी तेच.

हळूच म्हटलं, "आप्पा, सुमनकाकीनं सांगायला सांगितलंय. तिनं साखर नाय खाल्ली."

मग चहा संपवला. होता तसाच.

काकी, सांगितलं गं.

फार उशीर केला. नमस्कार करतो.