गोठ्यातले दगड

"काढ. तुझ्या हातानं काढ," मालक म्हणाला.

जोतं माझंच होतं, झोपडीखाली घातलेलं. गुडघ्याएवढंही नाही. पाताळगंगा नदीतून डोक्यावर वाहिलेले दगड. मी ते एकेक उचकटले आणि त्याच्या गोठ्यात नेऊन टाकले. तिथं त्याच्या गड्यानं ते फरशीसारखे बसवले. म्हशी त्यावर मुतू लागल्या. आय बघत होती. मालक तिला म्हणाला, "कातकऱ्यानं कुडात ऱ्हावं गं. दगडाला मुळं फुटतात."

आम्ही दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर जायचो, पावसाच्या तोंडावर परतायचो. येऊन बघावं तर झोपडीच्या जागी मालकाची गवताची गंजी. मग त्याच्या जमिनीवर तो दाखवील तिथं पुन्हा कारवीच्या काटक्यांचा कूड. जोतं घातलं की हक्क लागतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच घातलं. चुकलो एवढंच, की एकट्यानं घातलं.

पुढं मी कर्जतच्या बाजारात मध, शिकेकाई विकू लागलो. घासाघीस शिकलो. चार अक्षरंही शिकलो. कुंभिवलीच्या एका विधवा कुणबिणीचा खडकाळ माळ होता, कुसळसुद्धा धरत नव्हता. तीन पावसाळे तिच्या दारात बसलो. ती म्हणाली, "तू माणूस हायस का गोचीड रं?" शेवटी ठरलं. वाडीनं दरसाल तिच्या भातखाचरांचे बांध घालायचे, तिनं माळ वाडीच्या नावानं लिहून द्यायचा. कागद आधी, बांध मागून. तिथं मी तसूभर हललो नाही.

वाडीत चौदा घरं. दरसाल भट्टीवर जायच्या आधी सगळ्यांनी मिळून माळावर दोन जोती घालायची. पहिलं आंधळ्या म्हातारीचं. माझं शेवटचं. यावरूनही भांडणं झाली. मी शिव्या दिल्या, खाल्ल्या. पाच वर्षांत दहा घरं हलली. पाठ मोडली, पण हलली.

मालकाला लावणीला माणसं मिळेनात. परवा त्यानं मला बोलावलं. पहिल्यांदाच ओटीवर बसवलं.

"तुला हितंच जोतं घालून देतो. लिहून देतो. तू ऱ्हायलास की बाकीचे ऱ्हातील."

आय थकली आहे. तिला दगडी जोत्यावर मरायचं आहे. क्षणभर मला मोह झाला, खोटं का सांगू?

मग म्हणालो, "आधी गोठ्यातले माझे दगड काढा, मालक. तुमच्या हातानं."

तो उठून आत गेला. काल त्याच्या गड्यांनी माझी झोपडी पाडली. आज मी त्याच जागी कूड उभा केला. आय म्हणाली, "किती येळा रं?"

चार घरं उरली आहेत. दोन वर्षं. तो पाडील तितक्या वेळा बांधीन. बाकीची तीन माळावर गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि जाईन तेव्हा गोठ्यातून माझे दगड घेऊन जाईन.