साडूच्या गाडीचं कुलूप

माझ्या पोटात दुखायला लागलं ते साडूची गाडी बघून नव्हे, गाडीला कुंकू लावलेलं बघून. अधिक महिना होता आणि तलवाड्याला सासुरवाडीत आम्हा दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं होतं. मी आणि बायको परळीहून एसटीनं, माजलगावला गाडी बदलून, निम्मी वाट उभ्यानं आलो. दारात पोचलो तर सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. तीन वर्षांतून एकदा येणारा मान म्हणून मी पिशवी खाली ठेवली, घाम पुसला आणि ओवाळून घ्यायला पुढं झालो.

"जरा कडंला व्हा, पाव्हणं," त्या म्हणाल्या, "गाडी येऊ द्या."

माझ्या मागून धाकट्या साडूची काळी जर्मन गाडी आवाज न करता अंगणात शिरली. आधी बॉनेटला कुंकू लागलं, चाकाखाली लिंबं ठेवली गेली, नारळ फुटला. मग साडूला ओवाळलं. मग मला. तोवर वात विझत आली होती. मी थोरला जावई आहे, हे त्या दिवशी मला स्वतःलाच दोनदा सांगावं लागलं.

गाडी नवी नव्हती. अठरा वर्षांची होती, तीन मालकांच्या हाताखालून गेलेली. साडूचं गेवराईला ठिबकच्या पाइपांचं दुकान. तो पुण्याला माल आणायला गेला आणि येताना ही घेऊन आला. पण दारातल्या लोकांना वय कोण सांगणार? आतल्या कातडी सीटवर अख्खी गल्ली बसून बघत होती. माझ्या बायकोनंही बसून बघितलं. उतरल्यावर ती माझ्याकडं बघून हसली, आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

माझा धंदा कुलपांचा. परळीत स्टेशनच्या वाटेवर माझी टपरी आहे, बावीस वर्षं झाली. थर्मल वीजकेंद्राची राख रोज चाव्यांवर बसते, रोज पुसतो. कुणाचं कपाट अडलं, कुणाची चावी गाडीत राहून दार बंद झालं की माझा फोन वाजतो. परळीत 'चावी' म्हटलं की माझं नाव घेतात. माझ्याकडं मिरवण्यासारखं तेवढंच आहे, आणि त्याला धक्का लागला की मला राग येतो.

तर आम्ही दोघं पाटावर बसलो. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. सासूबाई साडूला वाढताना तुपाचं भांडं जरा जास्त कलतं असं मला वाटलं. कदाचित नसेलही कलत. तेवढ्यात सासऱ्यांनी विषय काढला.

"असल्या गाडीला चोराचं भ्या लई असंल न्हाई?"

"न्हाई, मामा," साडू म्हणाला. "ह्या गाडीचं कुलूप कुणाच्या बापाच्यानं उघडत न्हाई. जर्मन लोकांचं काम हाय ते, आपल्या हितल्यावानी न्हाई." आणि 'हितल्यावानी' म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं.

सासरे हसले. "आपलं थोरलं पाव्हणं कुलूपवालंच हायेत की. काय हो, तुमच्यानं उघडंल का?"

वाढणारे हात थांबले. बायको दारात होती, तीही बघायला लागली. माझ्या तोंडात धोंडा होता. तो गिळून मी म्हणालो, "पाच मिंटाचं काम हाय, मामा."

"मग उघडा की," साडू म्हणाला.

"हत्यारं आणली न्हाईत. जेवायला आलोय, कामाला न्हाई."

सगळे हसले, सासरे तर मांडीवर थाप मारून हसले, आणि तो डाव मी जिंकला. खरं म्हणजे हत्यारं माझ्या पिशवीतच होती. कुलूपवाला हत्यारांशिवाय कुठं जात नाही.

दुपारी सगळे आडवे झाले. मला झोप कुठली? मी पिशवी उचलली आणि अंगणात आलो. ही गाडी एकदा उघडायची, परत बंद करायची आणि संध्याकाळी चहाच्या वेळी हळूच सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

साध्या गाडीला माझी पद्धत ठरलेली आहे. काच आणि रबर यांच्या मधून पोलादी पट्टी सोडायची, आतली सळई चाचपायची, झटका द्यायचा. इथं पट्टी खाली गेली आणि तिला काहीच लागेना. सळई होती, पण तिच्यावर पत्र्याचं कवच घातलेलं. मग चावीच्या भोकाकडं वळलो. आपल्या नेहमीच्या चावीला कडेला दात असतात. हिच्या चावीला कड सपाट आणि मधोमध नागमोडी खाच, मुंगीच्या वाटेसारखी. म्हणजे आतल्या पट्ट्या दोन्ही अंगांनी येणार. माझा आकडा आत जाई, एक पट्टी सापडे, दुसरी धरायला जावं तर पहिली निसटे. अठरा वर्षं धूळ खाऊनही ते कुलूप कालच बसवल्यासारखं घट्ट होतं. आणि समजा दार उघडलंच असतं, तरी चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ज्यानं कुणी हे बनवलं त्याच्या पाया पडावं वाटत होतं, आणि ते साडूच्या मालकीचं आहे म्हणून त्याच गाडीला लाथ घालावी वाटत होती. तासभर झटलो. शेवटी भोकाशेजारी केसाएवढा ओरखडा उठला तेव्हा हात टेकले, थुंकी लावून रुमालानं पुसला आणि आत येऊन घोरण्याचं सोंग घेतलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी साडू चावी बोटात फिरवत होता. मी सहज विचारलं, "एकच का? दुसरी कुठं हाय?"

"एकच भेटली. दुसरी पहिल्या मालकाकडून हरवली म्हणं."

असली गाडी कंपनीतून निघताना दोन चाव्या घेऊनच निघते. दुसरी हरवली असेल, किंवा कुणाच्या तरी खणात असेल. जुन्या भारी गाडीचं खरं दुखणं हे आहे. कुलूप पहिल्या दिवसासारखं राहतं, पण मालक बदलतात, चाव्या कुठं कुठं राहतात. चोरानं हात लावला की वाजणारा तिचा भोंगाही साडूनं वायरमनकडून तोडून घेतला होता, कारण लग्नसराईत बँड वाजला की तो बोंबलायचा. हरवलेली चावी गाडीच्या कॉम्प्युटरमधून पुसून टाकता येते, मग ती नुसतं लोखंड. संभाजीनगरला एक जण हे काम करतो. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

मी चहा प्यायलो. म्हटलं, एवढा शहाणा आहे तर त्याचं त्याला कळेल. गाडी चोरीला जावी असं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ. भर चौकात ती बंद पडावी आणि चार लोकांनी ढकलावी, एवढंच हवं होतं.

ती बंद पडली नाही. श्रावणात साडू सासूबाईंना वैजनाथाच्या दर्शनाला घेऊन आला आणि परत जाताना बरोबर माझ्या टपरीसमोर थांबून हॉर्न वाजवला. काच खाली झाली. आतून गार वारा आला. "बसा की साडूभाऊ, सोडतो घरी," तो म्हणाला. माझं घर टपरीपासून हाकेच्या अंतरावर. शेजारचा चहावाला दात काढत होता. मी म्हणालो, गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाईक नव्हतं. दिवसभर अंगाचा तिळपापड होत होता, आणि त्या दिवशी मी दोन चाव्या चुकीच्या कापल्या.

गाडी गेली ती दिवाळीनंतर, गेवराईच्या एका लग्नात. भरदुपारी. लग्न सासऱ्यांच्या नात्यातलं, म्हणून मीही होतो. पंगत उठल्यावर मी पान खायला म्हणून बाहेर गेलो आणि अर्ध्या तासानं आलो, हे पुढं सगळ्यांना नीट आठवलं. साडू निघाला तर जागा मोकळी. जमिनीवर काचेचा एक कण नाही. गाड्या लावून देणारा माणूस सांगत होता, "एक जण आला, पांढरा शर्ट होता. चावी लावली, बसला. मीच शिट्टी वाजवून वाट करून दिली." पांढरे शर्ट मांडवात शंभर होते. माझाही पांढराच होता.

चार दिवसांनी हवालदार टपरीवर आला. चहावाला कान देऊन उभा, दोन गिऱ्हाइकं समोर. हवालदारानं विचारलं, "त्या गाडीची चावी तुला करता येती का बे?"

हो म्हणावं तर चोर. नाही म्हणावं तर बावीस वर्षांचं नाव चहावाल्याच्या तोंडून संध्याकाळपर्यंत परळीभर धुतलं जाणार. आणि खरं सांगतो, ही चावी करण्याइतकं कसब माझ्याकडं आहे असं सरकारी माणसाला वाटलं, याचं मला क्षणभर बरंच वाटलं. मी म्हणालो, "सायेब, आपल्याकडं समद्या चाव्या होतात, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढं बोललोच नाही. त्यानं तेवढंच लिहून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा फोन. "पाव्हणं, तलवाड्याला या. दोघंबी या."

साडू बाजेवर बसला होता, दाढी वाढलेली. सासरे खुर्चीत. माझी बायको भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडं बघेना. वाटेत एसटीत तिनं एकदाच विचारलं होतं, "तुमी न्हाई ना?" मी तिच्यावर ओरडलो होतो.

"पोलिसाला काय म्हणलात तुमी?" सासऱ्यांनी विचारलं. "आन् त्या दिशी हितं पाटावर बसून पाच मिंटाचं काम म्हणला होतात."

मी बायकोकडं बघितलं. तिला मी चोर वाटायला नको होतो. त्यासाठी माझ्याकडं एकच वस्तू होती द्यायला, ती मी देऊन टाकली.

"मामा, मला ती उघडता येत न्हाई. तिची चावीबी करता येत न्हाई. त्या दिशी तुमी झोपल्यावर मी तासभर झटलो. हत्यारं पिशवीतच होती. कायबी झालं न्हाई."

साडू मान वर न करता म्हणाला, "म्हाइती हाय मला. मी खिडकीतून बघत होतो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग बोलला कावून न्हाई?"

"कशाला बोलू? तुमच्यावानी माणसाला तासभरात उघडंना, म्हणजे कुणाच्यानंच उघडत न्हाई. त्या दिसापास्नं निवांत होतो मी. स्टेअरिंगला लोखंडी दांडा आणणार होतो, त्योबी आणला न्हाई." मग सासऱ्यांकडं वळून म्हणाला, "मामा, ह्यांच्यावर संशय घेऊ नका. मी साक्षी हाय."

सासऱ्यांनी मोठा श्वास सोडला. बायकोनं पदरानं डोळे पुसले. मी सुटलो होतो, आणि तिथंच गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो माझ्या हातावर एवढा भरवसा ठेवून बसला होता, आणि ते ऐकून मला गप्प बसवेना.

"कुलूप पक्कंच होतं," मी म्हणालो. "दुसरी चावी फिरत होती कुठंतरी. ती गाडीतून पुसून घेता येती. संभाजीनगरला एक जण करतो. नंबर माझ्याकडं होता. त्या दिशी चहा पितानाबी होता."

साडूनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"कावून सांगितलं न्हाई?"

"जळत होतो तुमच्यावर."

सासूबाई आतून ताटली घेऊन आल्या. दोन दिवस पोटात अन्न नाही म्हणून त्यांनी त्याच्यासाठी शिरा केला होता, वर काजू लावलेला. माझ्यासाठी काही नव्हतं. साडूनं ताटली हातात घेतली, पण खाल्लं नाही. माझ्याकडं बघत राहिला.

"गाडी गेल्यावर तरी जळायचं थांबलं का?" त्यानं विचारलं.

मी शिऱ्याकडं बघितलं.

"न्हाई," म्हणालो.