बाप नसलेल्या मुलाचा हेवा

माझ्या मुलीला एक मुलगा फार आवडायला लागला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तो चिनी होता, अनाथ होता आणि पुस्तकातला होता. आम्ही राहतो त्या बेस्ट नावाच्या डच गावातल्या वाचनालयातून तिने जाड कादंबऱ्यांची एक मालिका आणली होती, इंग्रजीत भाषांतरित. जुन्या चीनमधले तलवारबाज, डोंगरावरचे त्यांचे आखाडे, गुरू आणि शिष्य. हा मुलगा एका आखाड्याच्या स्वयंपाकघरात पाणी भरत वाढलेला. सायकलवरून शाळेत जाताना आणि जेवताना त्याच्याशिवाय तिच्याकडे दुसरा विषय नव्हता.

"बाबा, गुरूपुढे गुडघे टेकून चहा द्यायचा असतो, मग तुम्ही शिष्य होता. त्याने तो चहा जमिनीवर ओतला!" (ती मराठी समजते, बोलते बहुतेक डच-इंग्रजीत. इथे मी मराठी करून लिहितो आहे.)

"का?"

"गुरू त्याला खोटी साक्ष द्यायला सांगत होते."

"मग तसं नीट बोलायचं. चहा कशाला सांडायचा?"

तिने बायकोकडे पाहिलं. "आई, याला काही कळत नाही."

मी पहिला भाग ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वाचून काढला, खरं तर त्याच्यातल्या खोडी शोधायला. निम्मं पुस्तक झालं तरी त्याने कुणाचे आभार मानले नव्हते. मी बसमधून उतरताना ड्रायव्हरला धन्यवाद म्हणणारा माणूस. माझे वडील जिनिंग मिलमध्ये हमाल होते, घरातला पहिला पदवीधर मी. ज्यांच्यामुळे झालो त्यांची नावं मला पाठ आहेत. ही गोष्ट मी मुलीला कितीदा तरी सांगितली होती. ऐकताना तिची नजर खिडकीकडे जायची. आणि या पोरासाठी मात्र तिचे डोळे भरून येत. एकदा म्हणाली, "त्याला आई-बाबा नाहीत, म्हणून तो कुणाला घाबरत नाही." माझ्या समोर बसून म्हणाली. मला ते लागलं.

त्याच आठवड्यात भांडी पुसता पुसता मी तिला सांगितलं, "मीसुद्धा एकदा गुरूला नाही म्हटलंय."

हातातली ताटली तशीच धरून ती वळली. "तू?"

"बारावीनंतर माझे शाळेतले सर म्हणाले, घरची परिस्थिती बघ, इंजिनिअरिंगचा नाद सोड. मी नाही म्हणालो. पाया न पडता निघून आलो."

पुस्तकाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. पुढचे काही दिवस ती मला शाळेतल्या भानगडी सांगू लागली, सायकल माझ्या बाजूने चालवू लागली. मला फार बरं वाटत होतं. गोष्ट खोटी होती, हे मी मनावर घेतलं नाही.

गुरुपौर्णिमेच्या जवळच्या रविवारी मी सरांना व्हिडिओ कॉल करतो. आम्ही तिघं नमस्कार करतो, सर आशीर्वाद देतात. या वर्षीही लावला. सर आता बरेच थकलेत. "काय रे, जेवलात का सगळे?" मी वाकलो, बायको वाकली. मुलगी ताठ उभी.

"मी नाही करणार," ती चक्क मराठीत म्हणाली. "तुम्ही बाबाला थांबवलं होतं. इंजिनिअर होऊ नको म्हणालात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"असेल गं बाळा," ते म्हणाले. "म्हणालो असेन. तुझा बाबा हट्टी होता, म्हणून बरं झालं."

मला तिथं उभं राहवेना. "सर, मी तिला खोटं सांगितलं," मी म्हणालो. मग मुलीकडे वळून, तिच्या डोळ्यांत न बघता, खरं ते सांगितलं: मिलमध्ये जायला मी तयार झालो होतो. फॉर्म सरांनी आणला, सरांनी भरला. वडिलांची समजूत घालायला तेच तीनदा घरी आले. वसतिगृहापर्यंत एसटीने तेच पोचवायला आले.

"म्हणजे तू कुणालाच नाही म्हणाला नाहीस?"

"नाही."

तिने ते ऐकून घेतलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि सरांना विचारलं, "तीनदा का जावं लागलं?"

"पहिल्यांदा तुझ्या आजोबांनी माझ्या चपला रस्त्यावर फेकल्या."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी मी अनवाणीच गेलो. फेकायला काही ठेवलंच नाही."

ती खळखळून हसली. हे मला माहीत नव्हतं. सरांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत मीही विचारलं नव्हतं. ती सोफ्यावर मांडी घालून बसली, फोन गुडघ्याला टेकवला. सर मराठीत सांगत होते आणि तिला अडत नव्हतं. "मग आजोबा काय म्हणाले? मग?"

मी मागे उभा होतो, फोनमध्ये दिसत नव्हतो. ज्या माणसाचं मी आयुष्यभर देणं लागतो, त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा मला त्या क्षणी हेवा वाटत होता, आणि त्याची लाजही वाटत होती.

"मलाही बोलायचंय सरांशी," मी म्हणालो.

"थांब ना बाबा," मान न वळवता ती म्हणाली. "सर, तिसऱ्यांदा काय झालं?"