उत्तराचा डोंगा

आमची बायको डोंग्यावर पागल आहे, हे हुडकेश्वरात कोणालेही विचारा. लोकांच्या बायका दसऱ्याले सोनं मागतात, आमची उत्तरा म्हणते, "अहो, डांबर आणा." डोंग्याच्या फटी बुजवाले! पोस्टातून रिटायर झाली अन् दुसऱ्याच महिन्यात लाकडी डोंगा घेऊन बसली. आता नागपुरात तो ठेवावा कुठं? म्हणून पारशिवनीजवळ तिची मैत्रीण सिंधूताई राहते, तिच्या गोठ्यात. पावसाळाभर पालथा पडून राहते, दसऱ्याले पूजा करून तिथल्या तलावात उतरते. मग उन्हाळा लागेपर्यंत दर रविवारी आमची वरात तिथं.

मी मार्तंड, तिचा नवरा. पाण्याले जाम घाबरतो. डोंग्यात बसलो की दोन्ही काठ धरतो, डोळे गच्च मिटतो अन् रामरक्षा सुरू. तरी दरवर्षी जातो. काहून? वल्हं हातात आलं की हिचं तोंड असं फुलते, ते पाहाले. डोळे मिटून कसं पाहतो, ते विचारू नका.

पण यंदा मार्चात जरीपटक्याच्या बाजारात स्कूटीवरून पडली अन् उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, मग व्यायाम. एक दिवस डब्याचं झाकण उघडेना, तर रडाले लागली. म्हणाली, "या दसऱ्याले माझ्यानं तलाव पार झाला नाही, तर डोंगा विकून टाका. गोठ्यात पडलेला मले पाहवणार नाही." मी हो म्हटलं, पण जीव टांगणीले लागला.

दसऱ्याच्या सकाळी पोचलो, तर सिंधूताईनं डोंगा आधीच पाण्यात उतरवलेला. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, थाट नवरदेवाचा! नारळ फुटला. उत्तरा तर हवेतच होती. "चला हो, बसा लवकर!" मी बसलो, डोळे मिटले.

छपाक, छपाक. वल्ही चालून राहिली होती. उत्तराचा श्वास फुलला. मले वाटलं, आलो असन तलावाच्या मधात. एवढ्यात कानाजवळ सिंधूताईचा आवाज, "बाई वं, हा चालून काहून नाही राहिला?"

डोळे उघडले. काठ तिथंच, दोन हातांवर!

उत्तरानं वल्ही टाकून दिली. "संपलं हो. खांद्यात जोरच नाही राहिला. विका." डोळ्यांतून धारा. मले तिच्याकडं पाहवेना, म्हणून मान मागं फिरवली. अन् पाहतो तर काय, डोंग्याच्या मागच्या कडीले गाईचं दावं! ताठ, थेट काठावरच्या बाभळीले बांधलेलं!

"सिंधूताई, हे काय?"

तिनं कपाळावर हात मारला. "अगं माय! काल लाकूड फुगून फटी बुजाले पाण्यात सोडला ना भाऊ, वाऱ्यानं पळून गेला असता! आमच्या गोठ्यातलं कोणी बांधल्याबिगर मले झोप येते का?"

मले काय झालं देव जाणे, मी पाण्यात उडी मारली. मी! कमरेएवढं पाणी, ओली गाठ सुटता सुटेना, शेवटी दातानं ओढली. "मार वं वल्हं, मार!"

अरे बापा, असा सुटला डोंगा! उत्तरा आधी किंचाळली, मग खिदळाले लागली. सिंधूताई काठावर नाचून राहिली होती, मी पाण्यात. "जा वं उत्तरे, जा!" डोंगा लहान होत गेला अन् पलीकडच्या काठाले टेकला. तिनं उजवा हात, तोच मोडका, सरळ वर केला.

"आता मले घ्याले ये!" मी ओरडलो.

"नाही येत जा! मले अजून एक चक्कर माराची आहे. तुम्ही बंधाऱ्यावरून पायी या!"

इतके महिने जिची वेणी मी घालून देत होतो, ती बाई मले पाण्यात उभा सोडून चालली होती. ओल्या पँटीनं, ढसाढसा रडत अन् हसत, मी बंधाऱ्यावरून पळत सुटलो.